झारेकरणीची नजर

आई, परवा मी सोनं शोधायला समुद्रावर गेले होते. खरंच सांगतेय. कानाला हेडफोन, हातात काठीला जोडलेली गोल तबकडी, खांद्यावर जाळीचं फावडं आणि पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, असा माझा अवतार. तू पाहिलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि हसून झाल्यावर विचारलं असतंस, "एवढं सगळं घेतलंस, पण बघतेस कुठं?" तेच तर. पहिले दोन-तीन महिने मला कुठे बघायचं तेच कळत नव्हतं. तुझ्या पोटची असून, आणि दिवसभर मायक्रॉनच्या गोष्टी करणाऱ्या कंपनीत नोकरीला असून! बिअरच्या डब्यांची झाकणं, चॉकलेटची चांदी, गंजके खिळे, एका मुलाच्या खेळण्यातली मोटार. एवढी माझी कमाई. घरी येऊन ती डब्यात ओतली की नवरा म्हणायचा, "वा, भंगारवाला यायची वेळ झाली."

आपल्याकडच्या लोकांनाही आता तो शब्द माहीत नसतो, म्हणून निदान या कागदावर तरी नीट लिहिते. तू झारेकरीण होतीस. सराफ गल्लीत दुकानांपुढची धूळ, गटारातला गाळ, कारागीर बसतात त्या जागेची झाडलोट, हे सगळं तू गोळा करायचीस, डोक्यावरून घरी आणायचीस, परातीत धुवायचीस आणि शेवटी उरलेल्या काळ्या रेतीत पारा फिरवून सोन्याचे कण धरायचीस. कानस मारताना, तार ओढताना, सांध्याला डाग देताना जे उडतं, ते. बाबा गेल्यावर ती गल्ली तू एकटीने धरलीस. आणि त्या कामाला एक नेम होता. धूळ आपली, पण धुळीत अख्खी वस्तू निघाली, मग ती कानातल्याची फिरकी असो नाहीतर साखळीची तुटकी कडी, तर ती त्याच दिवशी ज्या दुकानाची त्या दुकानात परत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण त्या नेमावरच सोनार तुला उंबऱ्याच्या आत झाडू देत, आणि तू निघताना कुणी तुझी पाटी तपासत नसे.

मी शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी तुझ्याबरोबर यायचे. उजाडायच्या सुमारास गल्ली रिकामी असायची. मी घाईघाईने खराटा मारायला लागले की तू ओरडायचीस, "अगं, धूळ गोळा करतेस की उडवतेस? हात थांबव. आधी बघ." मग तू उकिडवी बसून गटाराकडे बघत राहायचीस. मला वाटायचं, घाणीत काय बघायचंय एवढं! तू बोट दाखवायचीस. "इथं उतार आहे, इथून पाणी पळतं, इथं काही नाही. इथं मोरीचा दगड पुढं आलाय, इथं पाणी दमतं. दमलं की हातातलं जड ते खाली ठेवतं. इथला गाळ घे." दुकानाच्या पायरीशी, जिथे माणसं चपला काढताना पाय झटकतात तिथे. खांबाच्या ज्या बाजूला वारा लागत नाही त्या बाजूला. सगळी गल्ली तुला पाठ होती, आणि तरी रोज तू आधी बघायचीस, कारण रात्रीतून कुणी बादली ओतली असेल, कुणी दगड हलवला असेल. मला त्या वासाचा राग यायचा. वर्गातल्या मुली दिसतील म्हणून मी ओढणी तोंडावर घ्यायचे, आणि तुला सांगायचे की धूळ नाकात जाते.

हे सगळं मी पुरून टाकलं होतं गं. बाहेर काढलं ते आमच्या शेजाऱ्यांनी. इथे शेजाऱ्याला बुरमान म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणते. पंचाहत्तरी ओलांडलेले, बायको गेलेली, एवढे उंच की आमच्या शेडच्या दारातून वाकून यावं लागतं. तीस वर्षं हा नाद करतायत. गेल्या वर्षी एका शनिवारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि कुंपणापलीकडे ते एका जुन्या ताटलीत चिखल धूत होते. आई, ते इतकं वाईट धूत होते! पाणी धसाधसा ओततायत, ताटली उलट्या बाजूला कलती, जड सगळं कडेवरून वाहून चाललेलं. मला बघवेना. मी कुंपणावरून हात लांब केला, ताटली घेतली, मनगट सैल सोडलं आणि चार फेऱ्यांत माती घालवून तळाला एक चपटं बटण आणि दोन शिशाच्या गोळ्या ठेवल्या. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "हे कुठे शिकलीस?" मी म्हणाले, "भारतात सगळ्यांनाच येतं." बघ, कशी आहे मी. खोटं तोंडाशीच असतं.

तर त्यांनी मला धातू शोधायचं आपलं जुनं मशीन दिलं आणि मी त्यांच्याबरोबर जायला लागले. पहिल्यांदा त्यांच्या ओळखीच्या एका शेतात, बेस्ट नावाच्या गावाच्या पुढे, मका काढून झाल्यावर. शेतकऱ्याला विचारून जायचं, खोल खणायचं नाही, खड्डा बुजवायचा, असे इथले नियम. मी मशीन चालू केलं आणि सुटले. बांधापासून बांधापर्यंत सरळ रेषेत, ऑफिसात मोजमाप घ्यावं तशी. तीन तासांत पाठ मोडली, हाताला लागलं ते ट्रॅक्टरचं लोखंड. बुरमान तोवर शेताच्या कडेला थर्मासमधली कॉफी पीत नुसते उभे होते. मी वैतागून म्हणाले, "तुम्ही सुरूच केलं नाहीत." ते म्हणाले, "मी केव्हाचं सुरू केलंय. आधी बघायचं. मशीन नंतर." मग त्यांनी दाखवलं. तिकडे ओढ्याला वळण आहे, पूर्वी तिथे पाय ठेवून पलीकडे जात असतील. इथे जमीन बोटभर उंच आहे, म्हणजे कोरडी, म्हणजे माणसं भाकरी खायला इथे बसली असतील. त्या दोन ओकच्या झाडांमधून जुनी वाट जाते. "या देशाच्या मातीत सोनं होत नाही," ते म्हणाले. "इथलं सोनं कुणाच्या ना कुणाच्या हातून पडलेलं असतं. म्हणून सोनं शोधायचं नाही, माणूस कुठे थांबला असेल ते शोधायचं."

मी त्या शेतात खाली बसले आई. उकिडवी, तुझ्यासारखी. बुरमानना वाटलं मला चक्कर आली. मला चक्कर आली नव्हती, मला लाज वाटत होती. एक परका म्हातारा मला जे शिकवत होता ते मला सातव्या वर्षी फुकट मिळालेलं होतं, आणि ज्या बाईने ते दिलं तिची नजर मीच मोडली होती. तुझे डोळे अधू झाले नव्हते. तू जाईपर्यंत तुला वाटत राहिलं की ते झाले. तुला तसं वाटावं असं मी केलं. एवढंच मला सांगायचंय, आणि एवढं सांगायला मी इतकी पानं फिरतेय.

चमकीचं आधी सांगते. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. दिवाळीआधी सोनारांचं काम दुप्पट, म्हणून धूळही दुप्पट. आपण दोघी मागच्या दारी बसून धूत होतो. तुझी एक परात झाली, तू दुसरी बादली भरायला नळावर गेलीस आणि माझ्या परातीत, काळ्या रेतीच्या शेपटीत, नाकातली चमकी आली. लहानशी, वर लाल खडा, दांडी सरळ. अख्खी. मी तुला हाक मारायला तोंड उघडलं आणि मूठ मिटली. का, ते मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. पैशांसाठी नव्हे, मला विकायचं कुठे ठाऊक होतं! होस्टेलवर माझ्या खोलीतल्या दोघींच्या कानात, गळ्यात काही ना काही असायचं. आणि आपल्या घरात सोनं रोज यायचं आणि कुणाच्या अंगावर कधी नसायचं. मला एकदा माझं म्हणून काहीतरी हवं होतं. तू बादली घेऊन आलीस आणि म्हणालीस, "काही दिसलं का गं?" मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सोनार घरी आले. गल्लीतले सगळ्यात जुने, बाबांच्या वेळचे. दारातच उभे राहिले, चहाही नको म्हणाले. "बाई, रागावू नका. गिऱ्हाइकाची चमकी होती, कारागिराच्या पाटावरून उडाली. सगळं दुकान पालथं घातलं. तुमच्या झाडणीत आली असेल का?" तू म्हणालीस, "आली असती तर त्याच दिवशी तुमच्या हातात दिली असती." ते म्हणाले, "ते मला माहीत आहे, म्हणून तर विचारायला आलो." त्यांनी तुझ्यावर संशय घेतला असता तर बरं झालं असतं. तू भांडली असतीस, मी घाबरले असते, कदाचित सगळं बाहेर आलं असतं. पण त्यांना तुझ्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. तू माझ्याकडे वळलीस. "तू बघितलीस का गं, बाळा?" आणि मी म्हणाले, "मी नाही बघितली. आणि तुला तरी हल्ली कुठं नीट दिसतं आई? परवा सुईत दोरा मीच ओवून दिला ना." सोनार हळूच म्हणाले, "होतं असं. वय होतं, बाई. नजर चुकते." ते गेले. तू तशीच उंबऱ्यात उभी राहिलीस आणि स्वतःच्या बोटांकडे बघत होतीस.

मग तू टाकून दिलेला सगळा गाळ परत गोळा केलास. दोन दिवस. दिवाळीचा फराळ तसाच राहिला. जे धुऊन झालं होतं ते पुन्हा धुतलंस, मूठ मूठ, ऊन जाईपर्यंत. मी शेजारी बसून पाणी ओतत होते आणि चमकी माझ्या कंपासपेटीत होती. त्या दोन दिवसांत कुठल्याही क्षणी मी उठून ती परातीत टाकू शकले असते. तुला सापडली असती, तू नाचली असतीस. एवढं सोपं होतं! मी पाणी ओतत राहिले. तिसऱ्या दिवशी तू मला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेलीस. चाळिशी उलटलेल्या बाईला जवळचा नंबर निघतोच, तसा तुझाही निघाला. दुकानदाराने आकडा लिहिला आणि तू तो कागद धरून म्हणालीस, "म्हणजे खरंच गेली की." महिन्याभरात तू सोनारांना निरोप दिलास की गल्ली दुसऱ्या कुणाला द्या, माझ्याकडून लोकांची वस्तू वाहून जायची. आणि तू त्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागलीस. तवा, धूर, दिवसाला दोनशे-अडीचशे पोळ्या. गल्लीत तू उकिडवी बसलीस तरी राणीसारखी बसायचीस. मेसच्या ओट्याशी तू उभी असायचीस आणि कुणी हाक मारली की दचकायचीस.

चमकीचं पुढे काय झालं विचारशील. मी नाक टोचून घेतलंच नाही, हिंमत झाली नाही. होस्टेलवर एकदा आरशापुढे नुसती नाकाला लावून बघत होते, हात ओला होता, निसटली आणि न्हाणीघराच्या मोरीत गेली. झालं. मी जाळी काढून बोटं घालून बघितलं. पाणी पळत होतं. कुठे दमेल ते मला त्या दिवशी सांगता आलं नाही.

आता परवाचं. दोन दिवस वायव्येचा वारा होता आणि शनिवारी सकाळी मोठी ओहोटी. बुरमान म्हणाले, चल समुद्रावर, वाऱ्याने वाळू उचलली असेल. दोन तास गाडी चालवून आम्ही पोचलो. समुद्राचं वाचन निराळं असतं, असं त्यांनी वाटेत सांगितलं होतं. जिथे वाळू मऊ, फुगलेली, नवी, तिथे वेळ घालवायचा नाही. ती कालच आलीय, तिच्या पोटात काही नसतं. जिथे लाटांनी खरवडून नेलीय, खालची राखाडी घट्ट वाळू वर आलीय आणि शिंपल्यांचा चुरा, खडी, जुनी लाकडं एका पट्ट्यात पडलीत, तिथे थांबायचं. मासे धरणाऱ्यांची शिशाची वजनं मिळायला लागली की हळू व्हायचं, कारण जिथे शिसं बसलं तिथेच सोनंही बसेल. मी मनात म्हटलं, हे मला शिकवू नका. आणि हो, मशीनला डब्याच्या झाकणाची कडी आणि अंगठी सारखीच ऐकू येते. नवखी माणसं कचऱ्याचा आवाज नको म्हणून तो सूर बंदच करून टाकतात आणि त्याबरोबर सोन्याचाही बंद होतो. मी तीन महिने तेच केलं होतं. आता सगळा कचरा ऐकते.

बुरमान पुढे, मी मागे. त्यांचं हल्ली एक लक्षात येतंय मला, त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाही. आपण मागून बोललो तर ते नुसती मान हलवतात. त्या दिवशी ते एका चरावरून गेले. पाण्याची धार परतताना तिथे वळत होती आणि वळणाच्या आतल्या बाजूला काळसर रेती जमलेली होती, परातीत शेवटी उरते तश्शी. ते थांबले नाहीत. मी थांबले. मशीन चालवायच्या आधीच मला कळलं होतं आई. तबकडी फिरवली तर आवाज आला, अगदी मऊ, दबका. फावड्याने दोनदा काढलं, जाळी हलवली आणि खडीत अंगठी. साधी, जाड, पुरुषाच्या हातातली, आत कोरलेली अक्षरं झिजलेली. मी ओरडले. काय ओरडले माहीत नाही, मराठीतच असणार.

बुरमान परत आले. अंगठी हातात घेतली, उन्हाकडे धरली, आनंदाने माझा खांदा थोपटला. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. हेडफोन काढून ते म्हणाले, "पण मी इथूनच गेलो ना?" ओल्या वाळूत त्यांच्या बुटाचे ठसे होते, खड्ड्याला अगदी लागून. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि त्या ठशांवर उभी राहिले. म्हणाले, "छे, तुम्ही वरून गेलात. शिंपल्यांच्या पलीकडून." ते हसले. म्हणाले, "घाबरलोच मी. मुलगी म्हणते, बाबा, कान तपासून घ्या नाहीतर आता हे सोडा. सोडलं तर घरात बसून मी काय करू?" आणि पुन्हा हेडफोन चढवून ताठ चालायला लागले. बघ आई. त्यांचा कान खरंच गेलाय आणि मी सांगितलं शाबूत आहे. तुझी नजर शाबूत होती आणि मी सांगितलं गेली. एका परक्या म्हाताऱ्याला मी अर्ध्या वाक्यात जे दिलं ते तुला द्यायला, तू जाईपर्यंत, माझ्याकडे बारा वर्षं होती. येताना गाडीत मी रडले. त्यांना वाटलं अंगठीच्या आनंदाने.

अंगठी मी त्या गावच्या खेमेन्टेला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, कळवली. हरवले-सापडलेचा फॉर्म असतो, तो भरला. नवरा म्हणाला, "ठेव की तुला. कोण विचारायला येतंय?" त्यावर मी त्याला इतकी तोडून बोलले की तो चाटच पडला. त्याचा काय दोष? त्याला काही माहीतच नाही. त्याला माहीत आहे ती मेसमध्ये पोळ्या करणारी सासू, जिला लांबचं छान दिसायचं आणि जवळचं दिसत नाही असं जी सारखी म्हणायची. लेकीला तेवढंही नाही. हा कागद मी मुद्दाम हाताने मराठीत लिहितेय, म्हणजे तिने उघडला तरी तिला वाचता येणार नाही, आणि नवरा माझ्या कागदांना हात लावत नाही. तुलाच लिहितेय म्हणते आणि कुणी वाचू नये याची सोयही बघते. लिहून झालं की ऑफिसच्या जुन्या फायलीत घालून वरच्या खोलीत ठेवणार आहे.

पण एक राहिलंय. चमकीबद्दल मी कधीतरी तुझी माफी मागितली असती, असं मला वाटतं. अठरा वर्षांची मुलगी, चुकली, असं म्हणता आलं असतं. जे राहिलंय ते त्यानंतरचं आहे, आणि तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, पुण्यात नोकरीला लागले होते. ज्यांना गल्ली दिली होती ती माणसं गाव सोडून निघाली होती. त्या म्हाताऱ्या सोनारांनी तुला निरोप पाठवला, बाई परत येतील का विचारा, तुमच्यानंतर कुणाचं काम मनाला येत नाही. मी शनिवारी घरी आले तर तू न्हाऊन, परात घासून बसलेली. पाच वर्षांत तुझा तसा चेहरा मी बघितला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, माझ्या आताच्या सासरचे लोक मला बघायला येणार होते. मुलाची आई शिक्षिका. मी त्यांना सांगितलं होतं की आईचा केटरिंगचा व्यवसाय आहे.

तू म्हणालीस, "थांब. मला हो म्हणायची घाई नाही. लोकांची वस्तू आहे. आधी तू माझी परीक्षा घे." रेशनचे तांदूळ थाळीत घेतलेस, खड्यांनी भरलेले. दारात, उजेडात बसलीस. चष्मा काढून शेजारी ठेवलास, थाळी जरा लांब धरलीस आणि निवडायला लागलीस. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तुझी बोटं थांबत नव्हती. अर्ध्या तासाने तू थाळी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "बघ. नीट बघ, माझी भीड धरू नकोस. एक जरी खडा निघाला तर नाही म्हणून कळवते. नाही निघाला तर सोमवारपासून जाते." मी थाळी घेऊन खिडकीशी गेले. तांदूळ या बाजूचे त्या बाजूला केले. मग उलटे. मग पुन्हा. तू मागे उभी होतीस.

मी म्हणाले, "एक होता."

"कुठं? दाखव."

"फेकला की अंगणात."

तू अंगणाकडे बघितलंस. मग म्हणालीस, "बरं झालं बाई तू बघितलंस," चष्मा डोळ्यांना लावलास आणि तांदूळ धुवायला घेतलेस.

खडा नव्हता, आई. मी तीनदा बघितलं होतं.